बेचिराग पांढरीत पुन्हा दिवा

मंदिराच्या जीर्णोद्धाराची कोणतीही स्मरणिका उघडली, की शेवटच्या पानांवर देणगीदारांची नामावली असते. बहुतेक वाचक आपले नाव व रक्कम बरोबर छापली आहे ना, एवढे पाहून पुस्तिका मिटतात. परंतु ती नामावली म्हणजे गावाचा एक लहानसा इतिहासच असतो. खानदेशातील कोणत्याही गावची यादी घ्यावी. पाटील, चौधरी, महाजन, राजपूत, शिंपी, अग्रवाल, भिल, पिंजारी, पावरा अशी नावे एकाखाली एक येतात. त्यांपैकी एकेका घरातील वडीलधाऱ्या माणसास त्याचे मूळ ठिकाण विचारावे. कोणी पावागडाकडे बोट दाखवितो, कोणी मारवाडाकडे, कोणी बऱ्हाणपुराकडे, कोणी सातपुड्याच्या पलीकडे. आम्ही येथलेच, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार बहुधा एका भिल्लालाच पोहोचतो. आणि गंमत अशी की तो कधी तसे सांगत नाही.

असे का झाले, याचे उत्तर महसुली दप्तरातील एका जुन्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावणारे एकही घर उरले नाही ते गाव बेचिराग. जमीन तेथेच असते, शिवार तेथेच, नदी तेथेच, गावदेवाचा दगडही तेथेच. नसतात ती माणसे. काळी आहे परंतु पांढरी ओस आहे, असे जुने लोक म्हणत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. खानदेशची पांढरी एकदा नव्हे, अनेकदा ओस पडली, आणि प्रत्येक वेळी ती बाहेरून माणसे बोलावून पुन्हा वसवावी लागली.

फार मागे जाण्याचे कारण नाही, तरी थोडे जावे लागेल. इ. स. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा यास थाळनेर व करवंद हे परगणे दिले आणि त्यातून फारुकी घराण्याचे राज्य उभे राहिले. हा मलिक राजाही बाहेरचाच. त्याचा पुत्र नासीरखान याने अशीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसविले. पुढे १६०१ च्या आरंभी अकबराने अशीरगड जिंकला व खानदेश मोगलांचा सुभा झाला. अबुल फजलने या सुभ्याचे वर्णन करताना येथील शेतकरी कुणबी, भिल्ल व गोंड असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे आज ज्यांस आपण निरनिराळ्या रांगांत बसवितो ते त्या वेळी एकाच रांगेत, नांगरामागे उभे होते.

त्यानंतर तीस वर्षांतच मोठा दुष्काळ पडला. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश व दक्षिणेत माणसे अन्नावाचून मेली. बादशहा शाहजहान त्या समयी बऱ्हाणपुरासच मुक्कामी होता. त्याने लंगर उघडले व साऱ्यात सूट दिली. परंतु मेलेली माणसे सुटीने परत येत नाहीत. वीस वर्षांनंतरही गावे ओसाडच होती. १६५३ च्या सुमारास औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना मुर्शिद कुलीखान हा दिवाण म्हणून आला. हाही मूळचा खुरासानचा. त्याने ओसाड गावांस मुकादम नेमून दिले, बैल व बी-बियाण्यांसाठी तगाई दिली आणि जमीन मोजून धारा ठरविला. परमुलखातून आलेल्या माणसाने परमुलखातील माणसांची घडी बसविली, आणि ती पुढे दीर्घकाळ टिकली. आजही तालुक्याच्या कचेरीत "तगाई" हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी येतो, त्याची मुळे इतकी खोल आहेत.

मराठेशाहीत गाव वसविण्याची रीत अधिक नेटकी होती. ओसाड गावासाठी सरकारातून कौल दिला जाई. कौल म्हणजे अभयपत्र. येणाऱ्या कुळास जमीन कोणती, पहिल्या वर्षी सारा किती, पुढे दरसाल किती वाढणार, हे त्यात लिहिलेले असे. या चढत्या साऱ्यास इस्तावा म्हणत. पहिले साल नावापुरते, दुसरे थोडे जास्त, असे करीत काही वर्षांनी पूर्ण धारा. नव्या माणसाला झाडझाडोरा काढावयाचा असतो, विहिरीचा गाळ उपसावयाचा असतो, घर शाकारावयाचे असते. पहिल्याच वर्षी त्याच्याकडून पुरा सारा घेतला तर तो रातोरात पुढच्या परगण्यात जाईल, एवढे व्यवहारज्ञान त्या काळच्या कारकुनांस होते. हे ज्ञान नंतरच्या काळात सर्वत्र टिकलेच असे म्हणता येत नाही. असो.

शेतकऱ्यांबरोबर लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, परीट लागत, आणि देवळासाठी गुरव लागे. त्यांचे बलुते खळ्यावर ठरे. बाजारपेठ बसवावयाची झाल्यास शेटे व महाजन यांची वतने देण्यात येत. त्यांनी व्यापारी आणावेत, दुकाने मांडवावीत, वजने-मापे पाहावीत आणि त्या बदल्यात मानपान व हक्क घ्यावेत. पारोळ्याचे उदाहरण सर्वांस परिचित आहे. पन्नास घरांचे ते खेडे. तेथील जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये मोठा किल्ला बांधला, गावास तटबंदी केली आणि खेड्याचे शहर झाले. आज पारोळ्याच्या बालाजीस जो भाविक जातो, तो त्या जुन्या पेठेतूनच जातो.

आता त्या काळाकडे वळू, ज्याची आठवण खानदेशात अजूनही "होळकरी धामधूम" म्हणून निघते. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या. त्यांनी पिके, वैरण, धान्य काही ठेवले नाही. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ. त्यामागून अरब शिबंदी, पेंढारी व डोंगरात गेलेल्या भिल्लांच्या टोळ्या. पेशवाईचे अंमलदार मक्त्याने परगणे घेत आणि मिळेल तेवढे ओरबाडीत. पंधरा-सोळा वर्षे हा मुलूख असा पडला होता. जेथे ऊस व भात होत असे तेथे बोरी-बाभळींचे रान माजले आणि त्या रानात वाघ राहू लागले. शेकडो वर्षांचे बंधारे फुटले, पाट बुजले. पुष्कळ गावांची नावे केवळ कागदावर उरली.

धुळ्याचीही तीच गत झाली. धुळे त्या काळी मोठे गाव नव्हते. लळिंगच्या किल्ल्याच्या छायेतील एक लहान वस्ती, एवढीच त्याची ओळख. १८०३ मध्ये लूट व दुष्काळ यांमुळे धुळ्यातील सर्व रहिवासी गाव सोडून गेले. सर्व, असेच जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. आज लाखो लोकवस्तीच्या त्या शहरात एकेकाळी दिवा लावण्यास माणूस नव्हते, ही गोष्ट धुळेकरांनाही फारशी ठाऊक नसते.

दुसऱ्याच वर्षी बाळाजी बळवंत नावाचा एक माणूस पुढे आला. लळिंग व सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांस दिलेले होते आणि बाळाजी बळवंत हा विंचूरकरांच्या पदरी होता. त्याने धुळे पुन्हा वसविले. त्याबद्दल विंचूरकरांनी त्यास इनाम जमीन व इतर हक्क दिले, पुढे दोन्ही परगण्यांचा कारभारही सोपविला. त्याने आपले ठाणे लळिंगास किंवा सोनगिरास न ठेवता धुळ्यासच ठेवले, आणि १८१८ पर्यंत तो तेथून कारभार पाहत होता. ज्या वर्षांत सगळ्या खानदेशात गावे उठत होती, त्या वर्षांत हा एक माणूस गाव बसवीत होता. धुळ्याच्या चौकांतून अनेकांचे पुतळे आहेत. बाळाजी बळवंताचे नाव मात्र शाळेच्या पुस्तकातही आढळत नाही. याचे नवल वाटते.

१८१८ मध्ये थाळनेर व मालेगाव येथील लढायांनंतर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा येथे पहिला अधिकारी म्हणून आला. त्याने जिल्ह्याचे ठिकाण म्हणून धुळे निवडले. १८१९ साली कचेऱ्यांच्या इमारती बांधण्यास मंजुरी मिळाली आणि कारागीर दूरदूरच्या गावांहून आणविले गेले. त्या वर्षी धुळ्याची लोकसंख्या होती २,५०९ आणि घरे ४०१. एवढ्याशा गावास जिल्ह्याचे ठिकाण करावयाचे, तर माणसे हवीत. म्हणून ब्रिग्जने व्यापाऱ्यांस व इतरांस घरे बांधण्यासाठी जागा दिल्या, त्याही कायमच्या बिनभाड्याने. पक्के घर बांधावे म्हणून सरकारातून आगाऊ रकमा दिल्या. आणि येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: या रकमा नव्यांबरोबर जुन्या रहिवाशांसही दिल्या गेल्या. केवळ नव्यांना दिल्या असत्या तर जुने रुसले असते. केवळ जुन्यांना दिल्या असत्या तर नवे आलेच नसते. अशा रीतीने जुने धुळे नदीकाठी आपल्या वळणावळणांच्या बोळांसह राहिले आणि त्याच्या शेजारी आखीव रस्त्यांचे नवे धुळे उभे राहिले. १८७२ च्या खानेसुमारीत धुळ्याची लोकसंख्या १२,४८९ भरली.

ब्रिग्ज हा परकी राज्याचा अधिकारी होता. त्यास सारा हवा होता आणि सारा माणसांवाचून मिळत नाही, हे त्याच्या उदारपणाचे पहिले कारण. तरी त्यास या मुलखाविषयी जिज्ञासा होती हेही खरे. पुढे १८२९ मध्ये त्याने फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्या ग्रंथात फारुकी सुलतानांचा इतिहास आहे.

जमीन व सवलत देऊन माणूस येतो. परंतु तो राहतो कशाने? सवलत संपल्यावर उपरी कुळे उठून गेल्याची उदाहरणे दप्तरी कमी नाहीत. (गावच्या वतनदारास मिरासदार म्हणत; बाहेरून येऊन जमीन करणारा तो उपरी.) जी टिकली ती बहुधा तेथे टिकली, जेथे गावाचे एखादे जुने सामाईक काम त्यांच्या अंगावर पडले. खानदेशापुरते बोलावयाचे तर असे पहिले काम म्हणजे पाण्याचे.

पांझरा नदीवर, आणि पलीकडे बागलाणात मोसम व आरम या नद्यांवर, दगडी बंधारे घालून पाट काढण्याची पद्धत फार जुनी आहे. परंपरेने तिचे श्रेय फारुकींच्या काळास दिले जाते. तिला फड पद्धत म्हणतात. साक्री व धुळे तालुक्यांतील जुन्या शेतकऱ्यांस ती सांगावयास नको. परंतु आजच्या तरुणांसाठी थोडक्यात लिहिणे योग्य होईल. बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडतात, तो एकेक फड. एका फडात एका हंगामी एकच पीक. एकात ऊस, एकात भात किंवा गहू, एकात बाजरी, अशी पिके आळीपाळीने फिरतात. प्रत्येक खातेदाराची पट्टी बहुधा प्रत्येक फडात असते. पाणी कमी असेल त्या वर्षी सर्वांच्या संमतीने एखादा फड कोरडा ठेवावयाचा. त्यामुळे तोटा एकाच्या माथी न येता सर्वांत वाटला जातो. पाणी देण्यास पाटकरी, त्यांवर देखरेख करण्यास हवालदार आणि पिकाच्या राखणीस जागले. पावसाळा संपला की पाटातील गाळ काढावयाचा आणि हे काम ज्याची जितकी जमीन तितके त्याने करावयाचे.

आता बाहेरून आलेल्या माणसाच्या दृष्टीने याचा विचार करावा. त्याने फडात पट्टी घेतली की तो एकटा राहूच शकत नाही. त्याच्या वरच्या पट्टीतून पाणी त्याच्याकडे येते आणि त्याच्याकडून खालच्यास जाते. ऊस लावायचा की नाही हे त्याने एकट्याने ठरवून चालत नाही. बैठकीस बसावेच लागते. गाळ काढताना त्याची कुदळ इतरांच्या कुदळीशेजारी पडते. अशी चार-पाच वर्षे गेली म्हणजे तो कोठून आला हे विचारण्याचे कोणास कारण उरत नाही. पाण्यास मिरासदार व उपरी हा भेद कळत नाही. पांझरेवरील दातर्ती येथे तर एम. विश्वेश्वरय्या यांनी, १८८४ मध्ये नोकरीस लागल्यानंतर अगदी आरंभीच्या दिवसांत, पाण्याची नळी ओढ्याखालून पलीकडे नेण्याचे काम केले. म्हैसूरकडून आलेला तो तरुण इंजिनिअर पुढे केवढा झाला हे सर्वश्रुत आहे.

दुसरे सामाईक काम देवाचे. ओसाड गाव वसविताना पहिला नारळ गावदेवापुढे फुटे. माणसे गेली तरी म्हसोबा, मरीआई, वेशीचा मारुती ही मंडळी गाव सोडून जात नाहीत, अशी श्रद्धा होती. नवे लोक येत ते आपापली कुलदैवते घेऊन येत. परंतु शिवारात पाऊल टाकण्यापूर्वी तेथल्या देवास शेंदूर लावीत. म्हणून खानदेशातील गावांत दोन प्रकारची देवळे दिसतात. एक घराघराच्या देव्हाऱ्यातील, ज्यांचे मूळ ठाणे शेकडो कोस दूर. आणि एक गावचे, जे कोणा एकाच्या मालकीचे नाही. जत्रेस खंडेरावाच्या बारागाड्या ओढल्या जातात तेव्हा गाड्यांवर बसलेली माणसे कोणत्या मुलखातून आलेल्या घराण्यांची आहेत हे कोणी पाहत नाही. भगत जोर लावतो, गाड्या हलतात आणि सगळे गाव ओरडते.

भाषेचेही तसेच झाले. अहिराणी बोलीत मराठीचा सांगाडा आहे, गुजरातीचा गोडवा आहे आणि भिल्ली बोलींचे शब्द आहेत. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात खानदेशीस भिल्ली बोलींच्या शेजारी बसविले आहे. या वर्गीकरणाबद्दल विद्वानांत वाद आहेत, परंतु एवढी गोष्ट निर्विवाद आहे की ही बोली एका मुलखातून आलेल्या माणसांची नव्हे. लेवा मंडळींची बोली रावेर-यावलकडे, गुजर मंडळींची शहादा-तळोद्याकडे, तावडी जामनेरकडे. दर पाच-दहा कोसांवर आवाज बदलतो. बाजारात मात्र सगळ्यांचे सगळ्यांस कळते.

जळगावचे उदाहरण मुद्दाम द्यावयास हवे. १८६० नंतर रेल्वे आली, त्याच सुमारास अमेरिकेतील यादवीमुळे विलायतेस कापूस मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावास व्यापारी आले, दलाल आले, जिनांत व गिरणीत काम करणारे मजूर आले. गाव वाढले, परंतु ते एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांचे गाव झाले. अशा वेळी १८७२ मध्ये संत अप्पा महाराजांनी श्रीरामाचा रथोत्सव सुरू केला. कार्तिकी एकादशीस निघणारा हा रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो व तेथे चादर चढविली जाते. दीडशे वर्षांहून अधिक काळ ही रीत चालू आहे. अशी रीत पाडण्यास कोणा सरकारचा हुकूम लागला नाही.

तथापि सर्वच गोड होते असे लिहिणे म्हणजे वाचकांची फसवणूक होईल. कापसाचा भाव चढला तेव्हा शेतकऱ्याने हात सैल सोडला आणि १८६५ नंतर भाव उतरला तेव्हा त्याच शेतकऱ्याच्या जमिनी सावकाराकडे गहाण पडल्या. त्या सावकारांत पुष्कळ जण बाहेरून आलेले होते, ही गोष्ट खरी. काही गावचेच पाटील होते, हीही खरी. बाहेरून येणाऱ्यांत गाव लुटणारा निघतो तसा गाव उभारणाराही निघतो. अमळनेरचे प्रतापशेठ यांनी गिरणी काढली व पाठोपाठ १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. त्यांच्याच नावाच्या हायस्कुलात साने गुरुजी कोकणातून येऊन शिक्षक झाले. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे आले, १९२६ च्या अखेरीस तेथेच वारले, आणि त्यांच्या दप्तरासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. हे दोघेही खानदेशचे नव्हेत. परंतु खानदेशने त्यांस कधी परके म्हटले नाही.

खरा अन्याय झाला तो भिल्लांवर. जो सर्वांच्या आधी येथे होता त्यालाच डोंगरात ढकलून लुटारू ठरविण्यात आले. पेशवाईच्या अखेरीस त्यांच्यावर झालेली क्रूर कत्तल इतिहासास ठाऊक आहे. इंग्रजांनीही प्रथम बंदूकच वापरली. त्याने काम होईना, तेव्हा १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाली. कुकरमुंडे व कन्नड येथे अधिकारी बसले आणि धरणगावास आउट्रम याने भिल्लांचे पथक उभारले. जमीन, बैल, बियाणे, तगाई, साऱ्याची सूट, म्हणजे उपऱ्यास मिळणारा तोच जुना कौल आता मूळच्या माणसास देण्यात आला. आपल्याच पांढरीत पाहुण्यासारखे परत यावे लागणे, यापरते दुर्दैव कोणते?

स्वातंत्र्यानंतरही माणसे येत राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी बांधव जळगाव-धुळ्यास आले. घरदार सोडून आलेली ती कुटुंबे काही वर्षांतच बाजारपेठेत स्थिरावली. उत्तर हिंदुस्थानातून १८५७ नंतर आलेले मोमीन विणकर मालेगाव-धुळ्यात याआधीच रुजले होते. त्यानंतर आले ते नर्मदाकाठचे आदिवासी. सरदार सरोवरात महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. हा भाग त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. तळोदे तालुक्यात सोमावल, रोझवा यांसारख्या ठिकाणी त्यांचे पुनर्वसन झाले. मणिबेलीजवळील शूलपाणेश्वराचे जुने मंदिर जलाशयात गेले. या माणसांस कोणी नारळ देऊन बोलावले नव्हते. ती उठविली गेली होती. त्यांचे डोंगर मागे राहिले, देव पाण्याखाली गेले, आणि सपाटीवरील गावकऱ्यांस ती आपल्या चराईच्या जमिनीवरील वाटेकरी वाटली. त्यांच्याबरोबर आलेली होळी मात्र त्यांनी सपाटीवरही पेटविली, आणि ती पाहावयास हळूहळू शेजारची गावेही येऊ लागली.

दूरदेशीही असेच घडते. इटलीच्या दक्षिणेस रिआचे नावाचे एक गाव आहे. १९७२ मध्ये तेथील समुद्रात सापडलेल्या दोन प्राचीन कांस्य पुतळ्यांमुळे ते जगास माहीत झाले. परंतु गावातील तरुण नोकरीसाठी निघून गेले व घरे ओस पडली. १९९८ मध्ये कुर्द निर्वासितांची एक नाव त्या किनाऱ्यास लागली. गावकऱ्यांनी रिकामी घरे उघडून दिली, आणि पुढे विणकाम व कुंभारकाम या तेथील जुन्या कसबांच्या कार्यशाळा निघाल्या. त्यांत गावचे व बाहेरचे एकत्र बसले. नंतर तेथेही राजकारण शिरले, खटले झाले. बेचिराग होण्याची भीती केवळ खानदेशालाच नाही, एवढे त्यावरून दिसते.

आणि ती भीती आज पुन्हा आली आहे, मात्र फौजांच्या रूपाने नव्हे. पोरे सुरतेस जातात, नाशिक-पुण्यास जातात. घरास कुलूप आणि अंगणात गवत, असे चित्र खेडोपाडी दिसते. त्याच वेळी सातपुड्यातून, बडवानी-खरगोणकडून पावरा व बारेला कुटुंबे कापूस वेचणीस येतात. त्यांतील कित्येक सालदार म्हणून राहतात. आखाजीस सालदाराचे साल संपते व नवे सुरू होते, ही खानदेशची रीत आहे. दहा-दहा, पंधरा-पंधरा आखाजी एकाच शिवारात काढलेली कुटुंबे आज आहेत. त्यांची मुले येथेच जन्मली, अहिराणी बोलतात, गावच्या शाळेत जातात. परंतु त्यांचे घर शिवारात, मळ्याच्या झोपडीत, गावठाणात नाही. जीर्णोद्धाराच्या कामी वर्गणी गोळा करताना घरोघर फिरणारी मंडळी गावठाणाची वेस ओलांडून मळ्यापर्यंत सहसा जात नाहीत. मागितली असती तर दिली नसती असे नाही. कित्येक गावांत देवळाच्या पायाचे दगड ज्या हातांनी वाहिले ते हात याच माणसांचे असतात, आणि नामावलीत त्यांचे नाव नसते.

सुरतेकडे गेलेल्यांचे काय, हेही पाहण्यासारखे आहे. तापीच्या खोऱ्यातून सुरतेस जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास अमळनेरपर्यंत पुरी झाली आणि तेव्हापासून खानदेशचा माणूस त्या वाटेने जात आहे. उधना, लिंबायत या भागांत आज खानदेशी वस्त्या आहेत. तेथे तो उपरी आहे. गिरणीत, यंत्रमागावर, भाजीच्या गाडीवर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोट भाऊबंदांनीच खावयाचे असतात, म्हणून ज्यास रजा मिळते तो रात्रीच्या गाडीने गावी येतो. ज्यास मिळत नाही, तो तेथेच भाड्याच्या खोलीत चौरंग मांडतो, नारळास नथ घालतो, शेजारच्या गुजराती बिऱ्हाडातून फुले मागून आणतो आणि रात्रभर अहिराणी गाणी चालतात. दुसऱ्या दिवशी सोमवारी बायका कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर जातात. नदी तापीच असते.